चिमूटभर चौऱ्याऐंशी

बाजारात मला कोणी फसवू शकत नाही असा माझा समज आहे, आणि घरच्यांनी तो मोठ्या मनाने चालवून घेतला आहे. जांभळी नाक्यावर मी भेंडीचं टोक मोडून बघतो, कलिंगडावर टिचकी मारून कान लावतो, नारळ कानाशी नेऊन हलवतो, हापूसच्या देठाशी नाक नेऊन डोळे मिटतो. डोळे मिटल्यावर नक्की काय कळतं हे मला आजवर समजलेलं नाही. पण मिटले नाहीत तर आंबेवाला गिऱ्हाईकच समजत नाही. थोडक्यात, खरेदीचं माझं सगळं शास्त्र बोटांत, नाकात आणि कानात आहे. अशा माणसाच्या हातात एक दिवस सीलबंद डबी आली. तिच्यावर ‘शुद्ध नैसर्गिक खनिज चूर्ण’ असं लिहिलं होतं, आणि माझी पाचही इंद्रियं एकाच वेळी बेकार झाली. डबीला देठ नव्हतं. टिचकी मारली तर प्लॅस्टिक वाजलं. हलवली तर आत काहीतरी हललं. म्हणजे नारळाच्या न्यायाने माल उत्तम.

या डबीपर्यंत मी पोहोचलो तो खुर्चीतून उठताना ‘आई गं’ म्हणतो म्हणून. घरी याकडे कोणी लक्ष देत नाही. पण तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, ते बाकावरून उठणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून निदान करतात.

“तुमच्यात मिनरल्स कमी आहेत,” ते म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांनी आम्हा सगळ्यांना बी-ट्वेल्व्ह कमी असल्याचं सांगितलं होतं. त्याआधी ‘ड’ जीवनसत्त्व. मिनरल्स हा शब्द ऐकताच बाकावरची सगळी मंडळी जागी झाली. एकाने शिलाजित सुचवलं, दुसऱ्याने प्रवाळ पिष्टी, तिसऱ्याने गुलाबी मीठ. चौथ्याचा मुलगा परदेशात असल्यामुळे त्याने ज्वालामुखीची राख सुचवली. आणि प्रत्येकाने जाताजाता खांद्यावर हात ठेवून एकच सांगितलं, “पण अस्सल बघून घ्या हं! बाजारात सगळं नकली आहे.”

अस्सल बघायचं कसं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. तो माझा प्रांत असल्याचं मीच वर्षानुवर्षं भेंडीच्या साक्षीने पसरवलेलं होतं.

दुकानात काचेच्या कपाटात अशा डब्यांची एक अख्खी रांग होती. मी दुकानदाराला विचारलं, “हे चांगलं आहे का?”

“खूप जातं साहेब.”

“आणि हे?”

“हे महाग आहे.”

“आणि ते, वरचं?”

“ते यापेक्षा महाग.”

गुणवत्तेचं इतकं स्वच्छ वर्गीकरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मी चष्मा वर सरकवून वेष्टनं वाचायला घेतली. प्रत्येक डबीवर बर्फाच्छादित डोंगर होता. एकातलं शिलाजित १४,००० फुटांवरून आणलेलं, दुसऱ्यातलं १६,००० फुटांवरून, सर्वांत महाग डबीतलं १८,००० फुटांवरून. बायकोला घरी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “एव्हरेस्ट २९,००० च्या वर आहे. अजून पुष्कळ वाव आहे त्यांना.” डबी उलटी केली की मात्र डोंगर संपतो आणि कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीतला गाळा क्रमांक सुरू होतो. तयार करणारा एक, भरणारा दुसरा, विकणारा तिसरा. हिमालयातून निघालेल्या चिमूटभर पुडीने वाटेत एवढी घरं बदललेली की तिला स्वतःचं माहेर आठवत असेल की नाही शंका.

मी डबीवरचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक बोट ठेवून मोजला. चौदाच्या चौदा भरले. फार बरं वाटलं. पुढे कळलं की तो क्रमांक धंदा करणाऱ्याचा असतो. आतल्या पुडीशी त्याचा संबंध माझ्या पॅन कार्डाचा माझ्या अकलेशी असतो तेवढाच. त्याच डबीवर ठळक अक्षरांत इंग्रजीत एक ओळ छापलेली होती, आणि ती बायकोने मला मराठी करून वाचून दाखवली: “औषधी वापरासाठी नाही.”

“मग अहो, आपण कशासाठी घेतोय?”

मी म्हटलं, कायद्यात दोन दालनं आहेत. हीच पूड आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याने विकली तर ती औषध असते, आणि अन्न परवान्याने विकली तर ती पूरक आहार होते आणि आपण औषध नसल्याचं तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. बायको म्हणाली, “म्हणजे डबीवर लिहिलंय औषध नाही, दुकानदार सांगतोय औषध आहे, आणि बँकवाले सांगतायत तुम्ही आजारी आहात.” यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी विषय बदलला.

तरीही मी दोन-चार कंपन्यांच्या छोट्या डब्या घेऊन आलो. नमुना तपासल्याशिवाय माल उचलायचा नाही, हा बाजाराचा नियम आहे. इथे मेहुण्याचा प्रवेश होतो. मेहुण्याच्या आजोबांच्या शेजारी एक वैद्य राहत असत, त्यामुळे आयुर्वेद त्याच्या रक्तात आहे.

“भावोजी, आपल्या पूर्वजांनी सगळ्या परीक्षा लिहून ठेवल्यात. प्रयोगशाळा कशाला हवी?”

हे खरंच आहे. रसशास्त्रात भस्म तयार झालं की नाही हे बघायच्या कसोट्या आहेत आणि त्या ऐकायला फार सुंदर आहेत. भस्म अंगठा आणि तर्जनीत चोळलं की ते बोटांच्या रेषांत शिरून बसलं पाहिजे: रेखापूर्ण. संथ पाण्यावर अलगद टाकलं की तरंगलं पाहिजे: वारितर. त्या तरंगत्या थरावर धान्याचा दाणा ठेवला तरी तो बुडता कामा नये. उन्हात धरलं तर धातूची चमक दिसता कामा नये: निश्चंद्र. जिभेला चव नको.

“एक तांदूळ दे गं,” मी स्वयंपाकघरात ओरडलो.

“एकच? इंद्रायणी चालेल की कोलम?”

परातीत पाणी घेतलं. पंखा बंद केला. घामाने निथळत आम्ही दोघं परातीवर वाकलो. पहिल्या डबीतली पूड तरंगली. दुसऱ्या डबीतलीही तरंगली. तिसरीतली निम्मी तरंगली आणि निम्मी तळाशी गेली, म्हणजे मेहुण्याच्या मते ती निम्मी शुद्ध होती. एवढ्यात मुलगी आतून अंगाला लावायची टाल्कम पावडर घेऊन आली आणि तिने काही न बोलता ती पाण्यावर भुरभुरवली. पावडर तरंगली. तांदळाचा दाणा तिच्यावर निवांत बसून राहिला. बोटांच्या रेषांत ती अशी भरली की अंगठा आधार कार्डाच्या यंत्राने ओळखला नसता. उन्हात चमक नाही, जिभेला चव नाही. रसशास्त्राच्या सगळ्या कसोट्यांना आमच्या घरात जी वस्तू पूर्णपणे उतरली ती ही. फक्त तिला मोगऱ्याचा वास होता.

मेहुणा म्हणाला, “मोगरा शीतल असतो.”

पूर्वजांची बाजू घेऊन एवढं सांगितलं पाहिजे की त्यांच्या या परीक्षा शेवटच्या होत्या. धातू कुठला, शोधन कसं केलं, पुटं किती दिली, हे सगळं वैद्याच्या डोळ्यांसमोर झालेलं असे. अभ्रकाला शंभर पुटं द्यायची तर त्याच्या घरी महिनोन्‌महिने भट्टी पेटायची. मग शेवटी तो बोटांत चोळून बघायचा. आम्ही भट्टी वगळून थेट बोटांपाशी आलो होतो. शिवाय या कसोट्या भस्मांच्या आणि आमच्या डब्यांत होतं शिलाजित, हा तपशील तेव्हा आम्हा दोघांनाही किरकोळ वाटला.

शिलाजिताच्या परीक्षा वेगळ्या. ते उन्हाळ्यात डोंगरातल्या खडकांतून पाझरतं, आणि चरकसंहितेत त्याचे सोनं, चांदी, तांबं आणि लोखंड असे चार प्रकार सांगून लोखंडाचा प्रकार श्रेष्ठ म्हटला आहे. अस्सल शिलाजिताला गोमूत्राचा वास येतो. वासाची परीक्षा म्हणजे माझा हातखंडा. मी डबी उघडली, डोळे मिटले आणि नाक खुपसलं. आंब्याचा वास आला. डबीवर बारीक अक्षरांत ‘मँगो फ्लेवर’ लिहिलेलं होतं. पाण्यात टाकल्यावर त्याचे तंतू सुटून खाली जायला हवेत. इथे पूड असल्याने तंतू सुटायला काही जागाच नव्हती, पाणी नुसतं चहाच्या रंगाचं झालं. मुळात शिलाजित हा चिकट गोळा. त्याची सुटसुटीत, मीठदाणीतून पडेल अशी भुकटी करायची तर त्यात बहुतेकदा दुसरं काहीतरी मिसळतात. म्हणजे जी गोष्ट बघून मी ‘वा, किती मोकळी आहे पूड’ म्हणालो होतो तीच मुळात विचारण्यासारखी होती.

मग समोरच्या ब्लॉकमधले काका आले. अस्सल शिलाजित दारूत विरघळत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं आणि ही परीक्षा करायची जबाबदारी ते स्वतःच्या शिरावर घ्यायला तयार होते. साहित्यही ते बरोबर घेऊन आले होते. पूड विरघळली की नाही यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, पण काकांनी प्रयोगात वापरलेलं द्रव्य पुढच्या पिढीच्या हाती लागू नये म्हणून जागेवरच संपवलं.

राहिली अग्निपरीक्षा. विस्तवावर टाकल्यावर अस्सल शिलाजित धूर न करता शिवलिंगासारखं उभं राहतं. मेहुण्याने गॅस पेटवला आणि हाताला आली ती पळी त्यावर धरली. पूड उभी राहिली नाही, बसलीही नाही. ती वितळली, तपकिरी झाली, तिला बुडबुडे आले आणि सबंध घरात चिक्कीच्या कारखान्याचा वास पसरला. ज्या एका परीक्षेतून आम्हाला खरोखर काही कळलं ती हीच: १८,००० फुटांवर साखर पिकते.

“ती फोडणीची पळी होती,” मागून बायकोचा आवाज आला.

त्यानंतर किती तरी दिवस आमच्या आमटीला हिमालयाची चव होती.

शेवटी मी बी विंगमधल्या सरांकडे गेलो. सर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेत आणि सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर बोलतानाही रेणुसूत्रं वापरतात. जाताना प्रवाळ पिष्टीही घेतली होती. मोठ्या ऐटीत मी तिच्यावर लिंबू पिळून दाखवलं. ती फसफसली.

“अस्सल ना, सर?”

“अंड्याच्या कवचाची पूड करा आणि पिळा,” सर म्हणाले. “संगमरवराची करा. खाण्याच्या सोड्यावर पिळा. सगळं असंच फसफसेल. लिंबाला कार्बोनेट कळतं हो, किंमत नाही कळत.”

मी दुसरी डबी पुढे केली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘८४ नैसर्गिक खनिजं’ असं होतं. हा आकडा मला भारदस्त वाटला होता. लक्ष योनीही ८४ च आहेत.

सरांनी चष्मा पुसला. “आवर्तसारणीत मूलद्रव्यं ११८. त्यातली निसर्गात सापडणारी साधारण ९४. वायू सोडले की राहतात किती? आता त्यांतून ८४ भरायची तर शिसं, पारा, आर्सेनिक, युरेनियम यांना घेतल्याशिवाय कोरम पूर्ण होणार आहे का?”

मी डबी जरा लांब धरली.

“आणि नैसर्गिक म्हणाल तर हे चौघंही नैसर्गिकच आहेत. तुम्ही परातीत, पळीत, लिंबात जे बघितलंत त्यात शिसं कुठे दिसणार होतं? त्याला वास नाही, आणि त्याचे काही क्षार तर चक्क गोड लागतात. रोमन लोकांनी ते आवडीने खाल्लं.” मग त्यांनी सांगितलं की २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० उत्पादनं घेऊन तपासली, तेव्हा त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हे बोलताना ते माझ्या पिष्टीने माखलेल्या अंगठ्याकडे बघत होते. मी अंगठा रुमालात गुंडाळला.

“कंपनीला फोन करा आणि बॅच क्रमांक सांगून त्याच बॅचचा प्रयोगशाळेतला अहवाल मागा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त हवी, कंपनीच्या मालकाच्या भाच्याची नको. आणि त्यात आकडे बघा. आपल्याकडे वनौषधींसाठी दशलक्ष भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशी मर्यादा ठरवलेली आहे. खनिजाच्या पुडीला निदान तेवढं तरी विचाराल की नाही?”

मी फोन केला. पलीकडे अत्यंत गोड आवाजाची मुलगी होती.

“सर, आमचं प्रॉडक्ट हंड्रेड परसेंट नॅचरल आहे.”

“ते ठीक आहे हो. पण आर्सेनिकही नॅचरल असतं.”

“हो सर. आमच्याकडे सगळंच नॅचरल आहे सर.”

दोन दिवसांनी प्रमाणपत्र आलं. त्याला सोनेरी किनार होती आणि कोपऱ्यात लाल फीत. वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्यावर देतात तसं. ‘आमचं उत्पादन शुद्ध असल्याचं प्रमाणित करण्यात येत आहे’ असं त्यात लिहून खाली कंपनीच्या मालकाने सही केली होती. दुसऱ्या कंपनीने खराखुरा अहवाल पाठवला, पण तो दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा होता. तिसऱ्याच्या अहवालात जड धातूंसमोर आकड्याऐवजी ‘नियमानुसार’ असा एकच शब्द होता, आणि नमुन्याचं नाव होतं ‘तपकिरी पूड, ग्राहकाने आणून दिलेली’. तळाशी प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की हा निष्कर्ष फक्त आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता. बाकी पुडीचं तिचं नशीब.

आणि चौथ्या कंपनीने घोटाळा केला. तिने सगळं बरोबर पाठवलं. बॅच क्रमांक जुळत होता, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त होती, तारीख ताजी होती, चारही धातूंचे आकडे स्वच्छ छापलेले आणि मर्यादेच्या पुष्कळ खाली. ना डोंगर, ना फूट, ना ८४. मी तो कागद उलटासुलटा केला, उजेडात धरला. धरायला एकही जागा सापडेना. हातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं.

“मग घ्या की,” बायको म्हणाली.

मेहुणा म्हणाला, “भावोजी, एवढे कागद तयार ठेवतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.”

मला हे एकदम पटलं. जो दुकानदार न विचारता वजनकाटा दाखवतो त्याच्याकडून आपण कधी काही घेतलंय?

हा तिढा मुलीने सोडवला. ती अभ्यास सोडून त्या अहवालाबरोबर आलेला पोषणमूल्यांचा तक्ता वाचत होती. “बाबा, एका चमच्यात कॅल्शियम १२ मिलिग्रॅम आहे. माणसाला रोज लागतं १,०००. म्हणजे दिवसाला किती चमचे?”

मी आकडेमोड टाळली. तिने केली.

“८३.३. म्हणजे पूर्ण चमचे मोजले तर ८४.”

८४ हा आकडा शेवटी खरा निघाला याचं मला मनापासून समाधान वाटलं. बायकोने आणखी भर घातली की शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तिच्या पिठाची परीक्षा घ्यायची असेल तर परातीत भरपूर पाणी आहे. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी रक्त तपासलं, अहवाल वाचला आणि काहीच कमी नसल्याचं सांगितलं. “मग उठताना ‘आई गं’ का होतं?” मी विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही बसता किती तास?” मला हा प्रश्न वैयक्तिक वाटला.

तलावपाळीवर मात्र माझी कीर्ती पसरली. आता लोक फिरायला येताना खिशातून पुड्या आणि डब्या घेऊन येतात. परवा एक गृहस्थ गुलाबी मीठ घेऊन आले. मी त्यांना सांगितलं की हे बहुधा पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं, आणि त्यात जवळपास सगळं साधं मीठच असतं, गुलाबी रंग तेवढा लोहाचा. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्यांना मी बॅच क्रमांक विचारला, अहवाल विचारला, आकडे विचारले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ते सगळं बरोबर आहे हो. पण घेऊ की नको?”

“डॉक्टरांना विचारा.”

“तुम्ही स्वतः कुठलं घेता?”

“कुठलंच नाही.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण पोहता न येणाऱ्या जीवरक्षकाकडे टाकू. “मग तुम्हाला यातलं काय कळणार?” असं म्हणून ते सरळ पुढच्या बाकावर बँक अधिकाऱ्यांकडे गेले. बँक अधिकारी एकाच वेळी पाच पुड्या घेतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना मॅग्नेशियम कमी असल्याचं सांगितलंय.

काल रात्री मेहुण्याचा फोन आला. त्याने मॅग्नेशियमची डबी आणली होती.

“भावोजी, शाळेत मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवली होती, आठवतंय? लख्ख पांढरा उजेड पडला होता. मग ही पूडसुद्धा अस्सल असेल तर—”

पुढचं नीट ऐकू आलं नाही. पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि त्याची बायको ओरडली, “आधी ती पळी खाली ठेवा!”